ती जुनी ओळ

अड्याळ, जि. भंडारा

चि. बाळ,

काल पवनीचे ते धानाचे व्यापारी दारात थांबून गेले. म्हणाले, ‘तुमच्या मिलची साइट कधी नवी दिसते, कधी जुनीच उघडते. भावाबद्दल मेल टाकला, उत्तर नाही.’ रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी लॅपटॉप घेऊन डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरलाच विचारलं, आपल्या साइटचा पत्ता कोण सांगतं. दोन नेमसर्व्हर निघाले. एक तुझा नवा. दुसरा दादाच्या वेळच्या त्या कंपनीचा, जिचं ऑफिस बंद झालं पण मशीन अजून चालू आहे.

तू म्हणाला होतास, ‘आत्या, सर्व्हर बदलला, काम झालं.’ काम झालं नाही, बाळ. रजिस्ट्रारकडची नोंद अर्धीच बदलली. आजोबांनी धुऱ्यालगतची बांधी घेतली, दहा वर्षं रोवणी केली, आणि फेरफार झालाच नव्हता म्हणून सातबारावर जुनाच मालक निघाला. पुढे घरात काय झालं ते तुला सांगायला नको. तरी तू तेच करावंस?

रजिस्ट्रारचा माणूस ‘४८ तास थांबा’ म्हणाला आणि तू थांबलास. डॉट कॉमच्या सर्व्हरवर ही नोंद १,७२,८०० सेकंदांच्या मुदतीने दिली जाते. बदल झाल्यावरही तेवढा वेळ इतरांच्या मशीनना जुनं आठवत राहतं. ४८ तास येतात ते तिथून. पण वरची नोंदच जुनी असेल तर ४८ दिवस थांबूनही काही होत नाही. रजिस्ट्रारला तारीख घालून लेखी कळव, तक्रारीचा क्रमांक घे, आणि वरच्या सर्व्हरचं उत्तर जसंच्या तसं जोड.

मला खरी धास्ती पुढची आहे. ती बंद पडलेली कंपनी स्वतःचं डोमेन पुन्हा भरणार नाही. मग ते नाव कोणीही घेईल आणि आपल्या मिलच्या नावाने व्यापाऱ्यांना सांगेल, पैसे या खात्यात टाका. अशी फट मोठ्यांकडेही राहते. मास्टरकार्डसारख्या कंपनीच्या पाच नेमसर्व्हरपैकी एकाच्या नावात शेवटचं अक्षर गळलं होतं. डॉट नेटचं झालं डॉट एनई, म्हणजे आफ्रिकेतल्या नायजर देशाचं. जून २०२० पासून जानेवारी २०२५ पर्यंत ते तसंच होतं. फिलिप कातुरेली नावाच्या सुरक्षा संशोधकाने वाईट हातात जाऊ नये म्हणून ३०० डॉलर भरून ते नाव स्वतः घेतलं. आपल्यासाठी असं कोण धावेल? म्हणून रजिस्ट्रारच्या नोंदीतली ती जुनी ओळ काढ.

आणखी एक. रजिस्ट्रारच्या खात्याला दादाने मिलचाच मेल दिला होता. म्हणजे मेल बिघडला की ओटीपीही त्याच बिघडलेल्या पेटीत. आधी तो पत्ता बदल, मग नेमसर्व्हरला हात लाव.

मी एवढी का चिडते, ते तुला कधी सांगितलं नाही. नागपुरात सर्व्हरचं हेच काम करत होते तेव्हा एका संस्थेचा सर्व्हर हलवला आणि रजिस्ट्रारला लिहायचं उद्यावर टाकलं. संस्थेचे लोक विचारायचे, मी म्हणायचे, होईल दोन दिवसांत. तीन आठवड्यांनी जुनी पेटी उघडली तर आत एकसष्ट मेल, एकही वाचलेला नाही. त्यात एका मुलीचा नोकरीचा अर्ज होता. तिने तीनदा पाठवला होता. तिसऱ्यांदा वर लिहिलं होतं, ‘मिळाला का, एवढं तरी कळवा.’ अर्जाची मुदत संपून आठ दिवस झाले होते. संस्थेला मी खरं कारण सांगितलं नाही. तिलाही उत्तर लिहिलं नाही. ते तीन मेल अजून डोळ्यांपुढे येतात.

तू तसा नाहीस. दादा गेल्यापासून मिल, कर्ज, वहिनीचं औषधपाणी, सगळं तू एकट्याने ओढतोस, आणि मी इथून बोल लावते. रजिस्ट्रारच्या खात्यात अजून दादाचंच नाव आहे, ते बदलताना तुझा हात थांबला असेल, हे मला हे पत्र लिहिताना सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

उद्या संध्याकाळी रजिस्ट्रारला फोन लावशील तेव्हा मलाही त्या कॉलवर घे. घरात नेटवर्क येत नाही, मी ओसरीवर येऊन बसेन. ते कितीही वेळ थांबवोत, मी फोन ठेवणार नाही. आणि त्याआधी जेवून घे.

तुझी,
आत्या