लढायांच्या आवया आणि आपण

शास्त्रपाठ : मत्तय २४:३-१४

कोठे युद्ध पेटले की ते जगभर पसरेल अशी धास्ती वाटते. डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाक युद्धाच्या वेळी मुंबईत खिडक्यांना काळे कागद लागले. अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली आणि रशियानेही आपल्या युद्धनौका धाडल्या. भीती निराधार नव्हती. तरी १६ डिसेंबरला डाक्क्यात शरणागती झाली व महासत्तांची टक्कर टळली.

युद्धे होणार नाहीत, असे प्रभूने म्हटले नाही. घाबरू नका, फसू नका, असे मात्र बजावले (वचने ४, ६). युद्धे म्हणजे शेवट नव्हे, तर वेदनांचा आरंभ (वचन ८). मग युद्धावरून शेवटाची तारीख कोणी सांगू लागला तर त्याचे ऐकू नये.

वचन १२ कडे विशेष लक्ष द्यावे. पुष्कळांची प्रीती थंडावेल, हा धोका बॉम्बइतकाच खरा आहे. भ्यालेला मनुष्य शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. आज बाजारहत्नूरसारख्या गावीही बातमी आणि अफवा एकाच मोबाईलवर येतात.

वर्गासाठी प्रश्न :
१. ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी काय तपासावे?
२. युद्धाच्या दिवसांत कोणत्या शेजाऱ्याला आपल्या प्रीतीची अधिक गरज असते?