भाजीचा स्वभाव

श्री

मुक्काम मेहकर, जिल्हा बुलढाणा
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. खाणावळीचा डबा बंद करून पुण्यात स्वतःच्या हाताने रांधून जेवण्याचे तू मनावर घेतलेस, याचा मला झालेला आनंद तुझ्या परीक्षेतील यशाच्या आनंदाहून तिळमात्र उणा नाही. कारण ज्याला आपल्यापुरती भाकरी आणि तिच्यासंगे तोंडी लावावयास एखादी रुचकर भाजी करता येते, तो परमुलखात कोणाचाही मिंधा राहत नाही. परंतु कोणकोणते मसाले विकत आणून ठेवावेत याची जी यादी तू मागितली आहेस, ती मी पाठवीत नाही. तेल, मोहरी, जिरे, ओवा, हळद, तिखट, मीठ, लसूण आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट एवढा शिधा घरात असला म्हणजे वर्षभराच्या भाज्यांची तरतूद झाली असे समज. पुड्यांतल्या मसाल्यांवर पैसे खर्चू नकोस.

तहसील कचेरीच्या नोकरीत हुकूम येईल तिकडे मला बिऱ्हाड हलवावे लागे, आणि मुलांच्या शाळेखातर तुझी मामी मेहकरासच राहिल्यामुळे जळगाव जामोद, मलकापूर, लोणार अशा ठिकाणी मी एकट्याने चूल मांडली; म्हणून अजिंठ्याच्या डोंगररांगेने आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग पाडले आहेत, त्यांची नुसती जमाबंदीच नव्हे, तर त्यांचा पाटा-वरवंटाही माझ्या ओळखीचा झाला. त्या अनुभवातून माझे एक मत बनले आहे, आणि ते मी तुला पूर्ण विश्वासाने सांगतो. प्रत्येक भाजीला तिचा मूळ स्वभाव असतो. कोणी आंबट, कोणी कडवट, कोणी बुळबुळीत, कोणी पाणचट, तर कोणी तेल पिणारी; आणि रांधणाऱ्याचे कर्तव्य एवढेच की, तो स्वभाव ओळखून त्याला आवश्यक तो एकच उपचार करावा आणि मग हात आवरता घ्यावा.

अंबाडीचेच उदाहरण घे. शेगावी 1878 साली गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले त्या माघ वद्य सप्तमीस आजही वऱ्हाडात घरोघर पिठले-भाकरीबरोबर अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य होतो, यावरून या पालेभाजीचे आपल्याकडील स्थान तुझ्या ध्यानी यावे. तिचा स्वभाव तीव्र आंबट; आणि आंबटात डाळ कितीही वेळ ठेवली तरी ती निबरच राहते, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो पाला आणि डाळ एकत्र चढवून तासभर सरपण जाळतो. म्हणून तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या आणि मूठभर शेंगदाणे हे आधी भिजवून स्वतंत्र मऊ शिजवून घ्यावेत. पाला देठांवरून खुडून निराळा उकडावा, त्याचे आंबट पाणी बरेचसे काढून टाकावे, आणि मग दोन्ही एकत्र करून, मीठ घालून, पळीने चांगले घोटावे. फोडणी मात्र आत घालू नये. लसणाच्या पाकळ्या ठेचून भरपूर तेलात तांबूस होऊ द्याव्यात, त्यात सुक्या लाल मिरच्या सोडाव्यात, आणि जेवावयास बसल्यावर ते कढत तेल ताटातील भाजीवर घ्यावे. लसूण ठेचूनच घ्यावा, कारण त्याचा वास आणि तिखटपणा पाकळी फुटल्यावरच उत्पन्न होतो. अख्खी पाकळी तेलात टाकली तर नुसती गोडसर लागते. पुण्याच्या मंडईत अंबाडी मिळते. कण्या न मिळाल्यास तांदळाची कणी चालेल, पण ज्वारीची ती चव येणार नाही.

घाटाखाली उतरलास की थंडीत राज्य वांग्याचे. मलकापूर, जळगाव जामोद हा मुलूख खानदेशाला लागून असल्यामुळे तिकडचे भरीत आणि इकडचे भरीत यांत फरक नाही. दोन्हीकडे ते पऱ्हाट्यांच्या आगीवर भाजलेल्या मोठ्या, हिरवट-पांढऱ्या, कमी बियांच्या वांग्याचे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्या भराभर पेटतात आणि त्यांचा धूर वांग्याच्या गरात मुरतो. त्या भरिताचा सगळा जीव त्या धुरात असतो. तुझ्या खोलीत पऱ्हाट्या कोठून येणार? तरी गॅसच्या ज्योतीवरही चांगले साधते, मात्र घाई करू नये. वांग्याला दोनचार ठिकाणी सुरीने टोचावे, तेलाचा हात फिरवावा, आणि साल सर्व बाजूंनी काळी होऊन वांगे आपल्याच वजनाने खाली बसेपर्यंत ते फिरवीत राहावे. मग थोडा वेळ झाकून ठेवले की वाफेने साल आपोआप सुटते. या ठिकाणी पुष्कळ लोक ते नळाखाली धरतात आणि जो धूर एवढ्या सायासाने मिळविला तो पाण्याबरोबर मोरीत सोडून देतात. तू बोटे ओली करून साल काढ, वांगे धुऊ नकोस. हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच आगीवर भाजून मिठासह ठेच, गर लाकडी दांड्याने कुट, वर कांद्याची कोवळी पात, कोथिंबीर आणि तेलात तळलेले शेंगदाणे घाल. टोमॅटो घालण्याची जी चाल शहरांतून पडली आहे ती मला मुळीच मान्य नाही. त्याच्या आंबट पाण्याने धुराची चव बुडते.

तुझ्या परीक्षेच्या दिवसांत वेळ नसेल तेव्हा हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाना कर. सध्या शेतात हरभरा वीतभर झाला आहे आणि त्याचे शेंडे खुडावयास बाया जात आहेत. खुडल्याने झाडाला फांद्या अधिक फुटतात, म्हणून कास्तकारही त्यांना हरकत घेत नाही. त्या कोवळ्या पानांवर निसर्गानेच आंब धरलेली असते, त्यामुळे लिंबाची गरज पडत नाही. पाने बारीक चिरून त्यांत कांदा, हिरवी मिरची, मीठ, कूट आणि कच्चे तेल कालवावे; चूल पेटवावी लागत नाही, आणि गरम भाकरीबरोबर पक्वान्न मागे सरेल असे हे तोंडी लावणे होते. हरभऱ्याचा पाला न मिळाल्यास कोवळ्या मेथीचा कर, मग लिंबू पिळावे लागेल. पौषात तुरीचे हिरवे सोले येतील, तेव्हा ते वांग्यात घालून पाहा. त्याविषयी अधिक लिहीत नाही, ती भाजी बिघडवणे कठीण आहे.

पालेभाजी परतताना झाकण ठेवू नये. पाल्यातले आम्ल वाफेबरोबर उडून जावयास हवे. झाकणाखाली ते पुन्हा पाल्यावर पडते आणि हिरवा रंग मळकट होतो. रंग राखण्यासाठी कोणी खाण्याचा सोडा घालावयास सांगेल, ते ऐकू नकोस. आपल्या लोणारच्या सरोवरातून साबण आणि काच यांना उपयोगी पडणारा माल निघे व त्यापासून सरकारास मोठा वसूल मिळे, असे आईन-ए-अकबरीत नमूद आहे. साबणाच्या कामी येणारा क्षार आणि सोडा हे एकाच कुळीचे; सोड्याने पाला हिरवागार दिसतो खरा, परंतु तो गिळगिळीत होतो आणि त्यातली काही जीवनसत्त्वे नष्ट होतात.

दोडका, भोपळा यांसारख्या पाणचट भाज्यांत वरून पाणी घालू नये, मंद आचेवर त्या आपल्याच पाण्यात शिजतात. मीठही चव पाहून शेवटी घालावे, कारण भाजी कढईत भरून दिसते तेव्हाच्या अंदाजाने घातलेले मीठ ती आळल्यावर अधिक होते. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यातच खार असल्यामुळे तिकडच्या बाया हा दस्तुर कटाक्षाने पाळीत. भेंडी अख्खी धुऊन, फडक्याने कोरडी करून मगच चिरावी, आणि बुळबुळीतपणा जावयास चमचाभर ताक घालावे. गवारीला फोडणीत ओवा हवा.

पावसाळ्यात तरोटा, घोळ, तांदुळजा या आपोआप उगवणाऱ्या भाज्या सोडू नकोस. ऋषिपंचमीला आपल्या घरी बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांची जी एकत्र भाजी होते, ती तू लहानपणी आवडीने खात असस. तीत अळू, लाल भोपळा, अंबाडी, मक्याचे कणीस आणि मीठ-मिरचीपलीकडे काही नसते, आणि फोडणीही नसते. गजानन महाराजांनी 1910 साली समाधी घेतली तोही हाच दिवस, म्हणून शेगावच्या बाजूस त्या तिथीचे महत्त्व दुप्पट. ती भाजी एकदा पुण्यात करून मित्रांना खाऊ घाल, म्हणजे मसाल्यांच्या यादीविषयी मी असा हट्ट का धरला हे तुला निराळे सांगावे लागणार नाही.

उन्हाळ्याची चिंता नको. मामीने मुगवड्या, वाळवलेली गवार आणि हरभऱ्याचा वाळलेला पाला निरनिराळ्या पिशव्यांत बांधून ठेवला आहे. शेजारचे गृहस्थ पुढील आठवड्यात पुण्यास येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवितो. मुगवड्या आधी तेलात लालसर परताव्यात आणि मगच रश्शात सोडाव्यात, गवार रात्रभर भिजत घालावी. पिशव्या पावल्याचे उलटटपाली कळव, आणि ज्वारीचे पीठ तिकडे कोणत्या भावाने मिळते तेही लिही. फार महाग असेल तर येथून दळून पाठविण्याची व्यवस्था करता येईल.

तुझा,
मामा