बंद खोलीचे रहस्य : गॉथिक प्रणयकादंबरीचे नवे रूप आणि मराठी कथनपरंपरा

१

गॉथिक प्रणयकादंबरीकडे मराठी समीक्षेने बहुधा रंजनप्रधान, म्हणून दुय्यम अशा दृष्टीनेच पाहिले आहे. भय, रहस्य आणि प्रणय यांचे मिश्रण करून वाचकाला गुंतवून ठेवणारे लेखन, एवढीच तिची ओळख मानली गेली. परंतु अडीचशेहून अधिक वर्षे टिकून राहिलेला आणि प्रत्येक पिढीत नवा आशय पोटात घेणारा वाङ्मयप्रकार केवळ रंजनाच्या बळावर टिकत नाही. त्याच्या घडणीत काहीतरी असे असले पाहिजे, की जे अन्य मार्गाने सांगता येत नाही. ते कोणते, अलीकडच्या कादंबऱ्यांनी त्याला नवता कशी दिली आणि मराठीत त्याचे रूप कसे दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

होरेस वॉल्पोल यांची 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' १७६४ साली प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला 'गॉथिक कथा' हे उपशीर्षक मिळाले. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' (१७९४) या कादंबरीने या प्रकाराला त्याची स्थिर चौकट दिली. जुनी, अवाढव्य वास्तू; तिच्यात बाहेरून आलेली एकाकी तरुणी; त्या वास्तूचा धनी असलेला, आकर्षक अथवा क्रूर, पण नेहमीच अनाकलनीय असा पुरुष; आणि जिथे जाण्यास मज्जाव आहे अशी एखादी जागा. वॉल्पोल यांच्याकडे अद्भुत हे खरोखरच अद्भुत असते. रॅडक्लिफ यांच्याकडे शेवटी त्याचा उलगडा मानवी कारस्थानात होतो. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

शार्लट ब्राँटी यांच्या 'जेन एअर' (१८४७) मध्ये माडीवरच्या बंद खोलीत नायकाची पहिली पत्नी आहे. डॅफ्नी ड्यू मॉरिए यांच्या 'रिबेका' (१९३८) मध्ये मृत पहिली पत्नी साऱ्या घराला व्यापून राहिली आहे आणि निवेदन करणाऱ्या दुसऱ्या पत्नीला मात्र नावसुद्धा नाही. या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. गॉथिक प्रणयकथेचा खरा विषय भूत नसून विवाह हा आहे. परक्या घरात गेलेल्या स्त्रीला त्या घराचा पूर्वेतिहास कोणी सांगत नाही. तो तिला भिंतींकडून, नोकरांकडून, कुजबुजीतून गोळा करावा लागतो. या अज्ञानाचे नाव भय.

२

या प्रकाराचे पुनरुज्जीवन झाले ते वास्तू बदलल्यामुळे नव्हे. बंद खोलीतील व्यक्तीला आवाज मिळाल्यामुळे ते झाले. जीन ऱ्हिस यांच्या 'वाइड सारगासो सी' (१९६६) या कादंबरीत 'जेन एअर'मधील वेडी ठरवलेली स्त्री स्वतःच्या भूतकाळासह उभी राहते. ती वेस्ट इंडीजमधली आहे, तिची संपत्ती विवाहामुळे पतीकडे गेली आहे आणि तिचे नावदेखील त्याने बदलले आहे. मूळ कादंबरीत जे रहस्य होते ते येथे वसाहतीचा इतिहास होते.

पुढील काळात हीच दिशा अधिक ठळक झाली. सेरा वॉटर्स यांच्या 'द लिटल स्ट्रेंजर' (२००९) मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ढासळत चाललेले एक जमीनदारी घर आहे. निवेदक डॉक्टर सुशिक्षित, संयमी आणि विवेकवादी आहे; परंतु त्याची आई एकेकाळी त्याच घरात चाकरीला होती. त्याचे खरे प्रेम घरातील मुलीवर आहे की त्या घरावर, हा प्रश्न वाचकाच्या मनात हळूहळू घर करतो. विवेकवादी निवेदकाच्या साक्षीवरच विश्वास ठेवता येऊ नये, ही या कादंबरीने केलेली महत्त्वाची भर होय. सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) तर विसाव्या शतकाच्या मध्यावरील मेक्सिकोत एका इंग्रज खाणमालक कुटुंबाच्या वाड्यात घडते. तेथे वंशशुद्धीच्या कल्पनेने पछाडलेले घर अक्षरशः बुरशीच्या रूपाने माणसांना गिळते. विशेष म्हणजे येथे नायिका सोडवली जात नाही, तीच इतरांना सोडवून नेते.

या तीन कृतींवरून नव्या गॉथिक प्रणयकथेची तीन लक्षणे सांगता येतील. पहिले, घराचे गुपित हे व्यक्तीचे पाप न राहता इतिहासाचे पाप होते. दुसरे, निवेदकाच्या विश्वासार्हतेचाच प्रश्न उपस्थित होतो. तिसरे, विवाह हा कथेचा सुखद शेवट राहत नाही. पुष्कळदा तोच धोका असतो.

३

मराठीत या प्रकाराची सामग्री प्रारंभापासून उपलब्ध होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत वियोग, संकटे, दुष्टांची कारस्थाने आणि अखेरचे मीलन यांची रेलचेल आहे. रा. भि. गुंजीकर यांच्या 'मोचनगड' (१८७१) मध्ये गड आणि गडावरचा बंदिवास आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या 'नावल व नाटक' या विषयावरील निबंधात अशा असंभाव्य रचनेवर टीका केली. रेनॉल्ड्सच्या रहस्यमय लंडनचा मोहही मराठी वाचकाला पडला होता. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच प्रभावातून आली.

तथापि या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत गॉथिक साहित्याचे नेपथ्य आहे, त्याचा गाभा नाही. नायिकेवर संकटे येतात ती बाहेरून. तिचे स्वतःचे घर निर्धोक असते. उलट १८५७ सालच्या बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' मध्ये नेपथ्य मुळीच नाही, परंतु घराघरांत कोंडलेल्या विधवांचे दुःख आहे. आणि 'पण लक्षात कोण घेतो!' मध्ये तर गॉथिक कथेचा संपूर्ण आशय एकवटला आहे. परके घर, कुटुंबातील पुरुषांची दहशत, स्वतःची कहाणी स्वतः सांगणारी नायिका आणि अखेर तिच्या देहावर होणारा केशवपनाचा अत्याचार, हे सारे तेथे आहे. नाही ते फक्त भूत. आपट्यांना भुताची गरज भासली नाही, कारण जे दाखवावयाचे होते ते उघड्या माजघरात घडत होते. मराठी कादंबरीत भयाचे नेपथ्य एका वाटेने गेले आणि भयाचा आशय दुसऱ्या वाटेने गेला, असे म्हणता येईल.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'कोंडुरा' (१९६६) मध्ये आपल्याला दैवी वर लाभला आहे अशी श्रद्धा बाळगणारा पुरुष आहे, आणि त्या श्रद्धेची किंमत स्त्रियांना द्यावी लागते. अद्भुत खरे की मनाचा खेळ, याचा निर्णय कादंबरी करीत नाही. जयवंत दळवी यांची 'अंधाराच्या पारंब्या' ही कादंबरी, तिच्यावर आधारलेले 'बॅरिस्टर' हे नाटक आणि त्यावरून विजया मेहता यांनी केलेला 'रावसाहेब' (१९८६) हा चित्रपट या संदर्भात विशेष लक्षणीय आहेत. जुने घर, त्यात आयुष्य कोळपून गेलेली मावशी, तरुण राधा, तिच्याविषयी ओढ असलेला विलायतेत शिकलेला बॅरिस्टर आणि घराण्यात चालत आलेले वेड, अशी ही मांडणी आहे. बॅरिस्टर सुधारक आहे, केशवपनाचा त्याला तिटकारा आहे. परंतु आपल्या रक्तातील वेडाच्या भीतीने तो स्वतःच कैदी झाला आहे. 'जेन एअर'मध्ये वेड बंद खोलीत होते. येथे ते नायकाच्या भवितव्यात आहे. सुधारणावादाला पडलेले हे भयस्वप्न मराठीचे स्वतःचे आहे, अनुकरण नव्हे.

लोकप्रिय लेखनाची परंपराही नजरेआड करता येत नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'समर्थ' मालिकेत अमानुष शक्तीशी झुंजणारा जाणकार पुरुष रक्षक म्हणून येतो. भय खरे असते, पण त्यावर अधिकारी व्यक्तीचा तोडगाही खरा असतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत भयाचे केंद्र अनेकदा माणसाच्या मनाकडे सरकते. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनी 'दंशकाल'सारख्या कादंबरीत भयकथेची साधने कौटुंबिक कादंबरीच्या सेवेला लावली. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटात वाडा, साखळीने जखडलेली वृद्ध स्त्री आणि पिढ्यान्‌पिढ्यांची हाव हे सारे एकत्र येते. चित्रपटाच्या मुळाशी धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आले आहे.

४

वरील उदाहरणांत कोकणचा वरचष्मा सहज लक्षात येतो. दाट झाडी, पाऊस आणि देवराई यांमुळे मराठी भयाचा भूगोल जणू तेथेच निश्चित झाला. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकाने वैदर्भीय वाड्याचे ढासळणे दाखविले, पण त्याची रीत वास्तववादी आहे. देशावरच्या कोरड्या मुलखात गॉथिक प्रणयकथा रुजू शकेल काय, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्यासाठी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे उदाहरण उपयुक्त ठरते.

नेपथ्याची येथे वाण नाही. निजामशाहीचा भुईकोट किल्ला, खर्ड्याचा किल्ला आणि १७९५ ची तेथली लढाई, अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड यांची नावे पुरेशी आहेत. परंतु केवळ नेपथ्यावर हा प्रकार उभा राहत नाही, हे 'मुक्तामाले'पासून दिसलेच आहे. अधिक मोलाची आहे ती येथली स्त्रीजीवनाची नोंद. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरमध्ये सुरू झाले. मिशनच्या येथील मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या. नगर आणि राहुरी येथे दीर्घकाळ राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'ची सुरुवात तर या दृष्टीने पुन्हा वाचावी अशी आहे. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबातील ज्येष्ठाला झालेल्या फाशीनंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागते आणि सारे घर त्या वेडाच्या अमलाखाली जाते. इतिहासाचा आघात, त्यातून जडलेले वेड आणि त्या वेडाखाली वाढणारी मुलगी, ही गॉथिक कादंबरीचीच सामग्री होय. लक्ष्मीबाई मात्र ती विनोदाने सांगतात. भयाचे सामर्थ्य गुप्ततेत असते. जे हसत सांगता येते त्याची दहशत ओसरते. निवेदकाच्या वृत्तीने एकाच सामग्रीचा वाङ्मयप्रकार कसा बदलतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसण्याच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. तेथे चोरीचे भय देवाच्या धाकाने आवरले जाते, अशी श्रद्धा. परंतु जेथे घराला दार नाही, तेथे देवाच्या चौथऱ्यावर स्त्रियांना दीर्घकाळ मज्जाव होता. तो एप्रिल २०१६ मध्ये, न्यायालयीन आदेशानंतर उठला. मज्जाव केलेली जागा ही नेहमीच अंधारी खोली असते असे नाही, ती भर उन्हातला उघडा चौथराही असू शकते. देशावरच्या गॉथिक कादंबरीला लागणारी प्रतिमा कोकणच्या रात्रीतून उसनी आणण्याचे कारण नाही.

५

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. ज्या समाजात बाईला चेटकीण ठरवून छळले जाते, ज्या राज्याला नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथे अमानुषाची कथा अंधश्रद्धेला बळ देणार नाही काय? आक्षेप खरा आहे आणि तो कलेच्या स्वायत्ततेचे नाव घेऊन झटकून टाकता येणार नाही. इंग्लंडमध्ये वॉल्पोल की रॅडक्लिफ हा अभिरुचीचा प्रश्न होता. महाराष्ट्रात तो नैतिक प्रश्न होतो.

तथापि उत्तर भुताच्या असण्या-नसण्यात शोधणे पुरेसे नाही. कथेतील भयाचा भार कोणावर टाकला जातो, हे पाहावे लागते. भय जर एकट्या, विधवा अथवा विक्षिप्त स्त्रीच्या ठायी वसविले गेले आणि तिच्या नाशाने कथा शांत झाली, तर शेवटी शास्त्रीय उलगडा देऊनही ती कथा जुन्याच समजुतीची राहते. उलट भय जर त्या स्त्रीला कोंडणाऱ्या व्यवस्थेत दाखविले, तर अद्भुताचा उलगडा न होताही ती कथा विवेकाच्या बाजूची ठरते. 'कोंडुरा' आणि 'बॅरिस्टर' या कसोटीला उतरतात. रक्षक पुरुषावर भिस्त ठेवणारे लोकप्रिय लेखन वाचताना ही कसोटी अधिक सावधपणे लावावी लागेल.

पदव्युत्तर वर्गात या प्रकाराचे अध्यापन करताना म्हणूनच कृतींच्या जोड्या लावणे हितावह ठरेल. 'पण लक्षात कोण घेतो!' आणि 'जेन एअर', 'अंधाराच्या पारंब्या' आणि 'द लिटल स्ट्रेंजर', 'स्मृतिचित्रे'चा आरंभ आणि 'वाइड सारगासो सी' अशा जोड्या विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील. प्रत्येक वेळी विचारावयाचे प्रश्न तेच : खोलीला कडी कोणी घातली, किल्ली कोणाकडे आहे आणि आतल्या व्यक्तीचे म्हणणे कथेत कोणाच्या तोंडून येते. मराठीतील भयकथेचे आणि कौटुंबिक कादंबरीचे आजवर स्वतंत्रपणे लिहिले गेलेले इतिहास या प्रश्नांच्या आधारे एकत्र वाचता येतील.