फळ्यापुढील भय

बहुतेक प्रत्येक वर्गात एखादे तरी मूल असे असते, की ज्याच्या वहीत उत्तर बरोबर असते. परंतु नाव पुकारताच त्याची मान खाली जाते. अशा मुलास मठ्ठ समजून बाजूस सारण्याची चूक सहज घडते. वस्तुतः तेथे उणीव बुद्धीची नसते, भय आड आलेले असते. सोबती हसतील, गुरुजी रागावतील, या धास्तीने ते शंका विचारीत नाही. न कळलेला भाग तसाच राहतो, पुढील पाठ अधिक अवघड होतो आणि भय दुणावते. असे मूल मोठेपणी कचेरीत वा दवाखान्यात आपले गाऱ्हाणेही धडपणे मांडू शकत नाही.

भय टिकते कसे? भीतीची गोष्ट टाळली की क्षणभर हायसे वाटते. या सुटकेमुळेच टाळण्याची सवय जडते. बोलल्याने काही अनर्थ होत नाही, हा अनुभव घेण्याची संधीच मिळत नाही. उलट, बळेच फळ्यापुढे उभे केल्यास आणि तेथे फजिती झाल्यास भय पक्के होते.

या दोहोंमधील मार्ग अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतो. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला फार भीत असे. त्याच्या आवडीचा खाऊ चालू असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवण्यात आला व क्रमाक्रमाने जवळ आणण्यात आला. न भिणारी मुलेही सोबत खेळत असत. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. लहान पायऱ्या, सुखद वातावरण व निर्भय सोबती हे या यशाचे मर्म होय.

वर्गात हाच क्रम पुढीलप्रमाणे योजावा :

1. प्रथम मुलाने शेजारच्या सोबत्यास उत्तर सांगावे.
2. नंतर चार-पाच मुलांच्या गटात बोलावे.
3. पुढे जागेवरूनच, आधी तयार केलेले एक वाक्य वर्गास वाचून दाखवावे.
4. शेवटी फळ्यापाशी यावे. प्रारंभी सोबत्यासह, मग एकट्याने.

एक पायरी सहज जमल्यावाचून दुसरी घेऊ नये. मूल अडखळल्यास एक पायरी मागे यावे. त्यात कमीपणा नाही. चूक झाल्यावर हसू न देणे ही शिक्षकाची जबाबदारी होय. 2009 च्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई केली आहे, हे येथे स्मरणात असावे.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी स्वतःपाशीच तपासावी. तपासणीस अधिकारी येताच आवाज बदलणारा, मुलाने अवघड प्रश्न विचारताच त्यास दटावून गप्प बसविणारा शिक्षकही भयाच्याच अधीन असतो. मुले ते अचूक ओळखतात. "हे मला ठाऊक नाही, पाहून उद्या सांगतो," असे जो शिक्षक वर्गापुढे मोकळेपणाने म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगतो, तो न जाणण्यात लाज नाही हा धडा कोणत्याही उपदेशावाचून देतो.

भय समूळ नाहीसे व्हावे, अशी अपेक्षा धरू नये. उर धडधडत असतानाही मुलाने हात वर केला, की शिक्षकाचे कार्य सफल झाले असे समजावे.