आधी भिंग, मग चिमटा

पोरी, दुकानाचं बाकी सगळं तुला हाताखाली राहून आपोआप येईल. मदरबोर्डवरच्या प्रोसेसर-सॉकेटच्या वाकलेल्या पिनांचं मात्र आधी ऐकून घे. हे काम चुकत-माकत शिकायला गेलं, तर शिकेपर्यंत लोकांचे बोर्ड जातात.

आणि ते बोर्ड जुने असले तरी फालतू नसतात. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये मशीनला जोडलेला पीसी असतो. त्याचं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्येच बसतं, सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे गेलेलं नसतं. बोर्ड बदलला की प्रोसेसर बदला, रॅम बदला, आणि एवढं करून मशीन चालेलच याची खात्री नाही. “हाच चालू करून द्या” म्हणणारा गिऱ्हाईक पैसे वाचवायला बघतोय, असं मनात आणू नकोस. त्याचं काम खरोखर त्याच बोर्डावर अडलेलं असतं.

२००४ साली इंटेलचं ७७५ सॉकेट आलं आणि पिना प्रोसेसरवरून बोर्डावर आल्या. आधीच्या ४७८ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असायच्या. एएमडीने साध्या डेस्कटॉपला एएम-४ पर्यंत तीच जुनी पद्धत ठेवली, २०२२ च्या एएम-५ मध्ये बदलली. एच-६१ बोर्डावरच्या ११५५ सॉकेटमध्ये नावाप्रमाणेच ११५५ पिना असतात आणि दोन पिनांत मिलिमीटरभरही अंतर नसतं. प्रत्येक पिन म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची बारीक स्प्रिंग, वर सोन्याचा मुलामा. ती मुळातच कललेली असते. तेव्हा वाकलेली पिन ताठ उभी करायची नाही, शेजारणीइतकीच कललेली आणि तेवढ्याच उंचीची करायची.

“डिस्प्ले नाही” म्हणून बोर्ड आला की लगेच सॉकेट उघडू नकोस. रॅम काढ, तिचे सोनेरी काठ खोडरबराने पूस, स्लॉट बदलून बघ. दुसरा एसएमपीएस लावून बघ, सेल मोज. सॉकेट रोज उघडझाप करायला बनवलेलं नाही. पिना बहुतेक वेळा आपल्यासारख्यांच्याच हातून वाकतात: प्रोसेसर बोटांतून निसटतो, तिरका टेकतो, नाहीतर पेस्ट पुसायचा बोळा पिनांत अडकतो. सॉकेटच्या आत कापूस कधीच न्यायचा नाही. आत पेस्ट गेली असेल तर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रश घे, आणि पिना ज्या दिशेला कलल्यात त्याच दिशेने फिरव.

उघडायचंच ठरलं तर वायर काढ, सेल काढ, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ दे. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत हवा कोरडी असते आणि अंगावरच्या सिंथेटिक स्वेटरची स्टॅटिक चिप मारू शकते. त्या दिवसांत स्वेटर काढून आणि अर्थिंगच्या धातूला हात लावूनच बस.

आता खरं काम. प्रोसेसर काढलास की आधी त्याची खालची बाजू वाच. तिथल्या प्रत्येक सोनेरी ठिपक्यावर पिन टेकल्याची बारीक खूण असते. ज्या ठिपक्यावर खूण नाही किंवा ती कडेला सरकली आहे, त्याच्यासमोरची पिन संशयित. प्रोसेसर उलटा धरला की डावं-उजवं बदलतं, म्हणून कोपऱ्यातल्या त्रिकोणावरून हिशेब कर. कागदावर चौकट काढून खूण करून ठेव.

मग सॉकेट बघ. सराफ बाजारातले कारागीर वापरतात तसं दहापट भिंग घे आणि दिवा वरून धरण्याऐवजी बाजूने धर. चांगल्या पिनांच्या रांगा एकसारख्या चमकतात, वाकलेली पिन रांग तोडते. काही सॉकेटांत पिनांचे दोन गट असतात आणि त्यांचा कल वेगळा असतो, तो दोष समजू नकोस. बोर्ड चारही बाजूंनी फिरवून बघ. एका बाजूने ठीक दिसलेली पिन दुसऱ्या बाजूने शेजारणीला टेकलेली सापडते. नंतर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पुन्हा बघ. या बघण्याला कितीही वेळ लागू दे. चिमटा लागतो तो शेवटची काही मिनिटं.

चिमटा घड्याळवाल्यांचा, अणकुचीदार हवा. तो नसला तर लाकडी मुठीत बसवलेली शिवणाची सुई चालते. कोपर टेबलावर टेकव. टोकाला धरून ओढू नकोस, वाकल्या जागेखालून हळूच उचल. किंचित हलव, थांब, भिंगातून बघ, मग पुन्हा. वाकवलेला धातू त्या जागी कडक होतो आणि पुढे-मागे केला की तुटतो. म्हणून उलट दिशेने एकदाच जायचं. केसभर कमी राहिलं तर राहू दे, प्रोसेसरचा दाब आला की स्प्रिंग जागा घेते. शेवटी डोळा बोर्डाच्या पातळीवर आणून सगळी टोकं एका उंचीत आहेत ना, ते बघ.

तुटलीच, तर घाबरू नकोस. ती कोणती हे शोध. प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये अक्षर आणि आकड्यांचा नकाशा असतो. त्या अक्षरांत आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड नसतात, मोजताना हे विसरलं की चुकीच्या रांगेत जातेस. पुष्कळ पिना नुसत्या सप्लायच्या आणि ग्राउंडच्या असतात, त्यातली एक गेली तरी बोर्ड सहसा चालतो. पण सप्लायची गेली असेल तर त्यावर जास्त वॅटचा प्रोसेसर बसवू नकोस, राहिलेल्या पिनांवर भार येतो. रॅमची पिन गेली तर एक स्लॉट जाऊ शकतो. गिऱ्हाइकाला तसं सांग, एका रॅमवर त्याचं मशीन चालत असेल तर तो आनंदाने नेईल. ७७५ मध्ये मात्र रॅम बोर्डावरची नॉर्थब्रिज चिप सांभाळते, तिथे स्लॉट मेल्याचा दोष सॉकेटला देऊ नकोस. तुटल्या जागी तार डकवायच्या फंदात तर पडूच नकोस, तार स्प्रिंगचं काम करत नाही. सॉकेट बदलायचं तर खालचे शेकडो सोल्डरचे मणी बीजीए मशीनवर वितळवावे लागतात, अख्खा बोर्ड तापतो. कारखान्याचं काम अडलं असेल तरच तो खर्च सुचव.

जुन्या एएमडीचा कूलर सरळ वर ओढायचा नाही. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही वर येतो. मशीन थोडं चालवून पेस्ट गरम कर, बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरव, मग उचल. त्याच्या वाकल्या पिनांना शिसं काढलेली ०.५ ची पेन्सिल उत्तम, तिची नळी पिनेवर चढवून हलकेच उभी कर.

चाचणीला प्रत्येक इंटेल सॉकेटचा एक जुना सेलेरॉन ठेव, गिऱ्हाइकाचा प्रोसेसर पहिल्यांदा लावू नकोस. करंट देण्याआधी बारा व्होल्टच्या कनेक्टरवर मीटर लावून शॉर्ट नाही ना, बघ. खाचा जुळवून प्रोसेसर सरळ खाली ठेव, घासून सरकवू नकोस. सॉकेटची दांडी घट्ट लागते, करकरते, ते ठीक आहे. बायोसमध्ये दोन्ही रॅम दिसतात का, ग्राफिक्स कार्ड चालतं का, ते तपास आणि रात्रभर रॅमची टेस्ट लाव. कच्चा टेकलेला संपर्क गरम झाल्यावरच दगा देतो.

दुरुस्तीला आलेल्या बोर्डाचं सॉकेट गिऱ्हाइकासमोर उघड, तिथल्या तिथे फोटो काढ आणि त्यालाही पाठव. परत देताना रिकामं सॉकेट उघडं सोडू नकोस. प्लॅस्टिकच्या टोप्या सॉकेटच्या नंबराप्रमाणे वेगळ्या जमवून ठेव. टोपी नसली तर त्याच सॉकेटचा मेलेला प्रोसेसर बसवून पाठव.