चकचकीत बटणांची वेबसाईट : जुन्या इंटरनेटकडून एक पाठ



आपल्यापैकी अनेकांनी माऊस पहिल्यांदा धरला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. निळं आकाश, हिरवी टेकडी आणि काचेसारखी चमकणारी बटणं आठवतात ना? ही चकचकीत सजावट आता तरुण मुलं आपल्या वैयक्तिक वेबसाईटवर हौसेनं परत आणत आहेत. तिला 'फ्रुटिगर एअरो' म्हणतात. अक्षररचनाकार ॲड्रियन फ्रुटिगर आणि विंडोज व्हिस्टाचं 'एअरो' रूप यांवरून हे नाव २०१७ मध्ये पडलं.

थोडा इतिहास

• २००० : ॲपलचं पाण्याच्या थेंबासारखं 'ॲक्वा' रूप
• २००१ : विंडोज एक्सपी व ती प्रसिद्ध टेकडी (छायाचित्र १९९६ चे, कॅलिफोर्निया)
• २००७ : विंडोज व्हिस्टा
• २०१३ : आयओएस ७ आलं आणि सगळं सपाट होत गेलं

चकाकी कशासाठी?

ती नुसती नटवेगिरी नव्हती. उंचवटा दिसला की हात आपोआप दाबायला जातो, नवख्याला सांगावं लागत नाही. आज सपाट पडद्यावर "दाबायचं कुठं?" असं आजी विचारते, त्यात तिची चूक नाही.

यामागे विज्ञान आहे. प्रकाश वरून येतो असं आपला डोळा धरून चालतो. म्हणून वर उजळ, खाली गडद असेल तर फुगवटा दिसतो. उलट केलं की खड्डा!

वर्गात काय घ्याल?

१. स्टीलचा तांब्या उन्हात ठेवा. चमक कुठे, सावली कुठे, ते मुलांना रेखाटू द्या.
२. कागदावर गोल बटण रंगवून घ्या आणि कागद उलटा धरायला सांगा. फुगवट्याचा खड्डा होतो, मुलं चकित होतात.
३. आता संगणकावर. सीएसएसमध्ये तीनच गोष्टी लागतात : रंगछटेसाठी लिनियर-ग्रेडियंट, गोल कडांसाठी बॉर्डर-रेडियस, सावलीसाठी बॉक्स-शॅडो. बटण दाबल्यावर छटा उलटी केली की ते आत गेल्यासारखं वाटतं.
४. पार्श्वभूमीला कॅलिफोर्नियाची टेकडी कशाला? मलकापूरच्या मुलांसाठी पावसाळ्यातला आगाशिव डोंगर समोरच आहे. चोवीस तास पाणी योजनेसाठी ओळखलं जाणारं आपलं गाव, पाण्याचे थेंबही इथलेच घ्या.

काय परत आणू नये?

सरकत्या ओळी आणि लुकलुकणारी अक्षरं नकोत. जुने फॉन्टही नकोत, मजकूर युनिकोडमध्येच हवा, नाहीतर दुसऱ्याच्या मोबाईलवर अगम्य चिन्हं दिसतील. चमकेवर अक्षर हरवू नये : साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातला फरक किमान ४.५ : १ हवा. तो मोजणारी साधनं मोफत मिळतात.

मुलांचा बराच वेळ दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमध्ये जातो. तिथं बटणाचा रंगसुद्धा त्यांच्या हातात नसतो. स्वतःच्या पानावर मात्र प्रत्येक चमक कुठे आणि का, हे मूल स्वतः ठरवतं. वापरणाऱ्याचं बनवणाऱ्यात रूपांतर होतं ते इथेच. करून बघा, आणि तयार पान आधी आजीला वापरायला द्या. खरी परीक्षा तीच!