ओढ्याचा काठ आणि गवताची मुळे

पावसाळ्यात ओढ्याकाठच्या शेताची कड ढासळते, हा देवणी भागातील शेतकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. वाहून गेलेली माती परत मिळत नाही. म्हणून काठ कसा तुटतो व कसा टिकतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मांजरा खोऱ्यातील हा मुलूख अनिश्चित पावसाचा होय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मांजरा नदीस पूर आला. येथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस भेगांत मुरतो. परंतु माती फुगून भेगा मिटल्या की मुसळधार पावसाचे पाणी वरूनच वाहू लागते. ओढ्यात ते काठाचा पायथा पोखरते व वरची माती अधांतरी राहते. पूर ओसरताच पाण्याचा आधार जातो आणि भिजून जड झालेली दरड कोसळते. म्हणून पुष्कळदा काठ पुरानंतर ढासळतो.

याउलट संथ पाणी गाळ टाकते. दाट गवतात प्रवाहाचा वेग मोडतो, गाळ साचतो आणि त्यातून गवत पुन्हा वर येते. कोकणच्या किनाऱ्यावर मर्यादवेल हेच कार्य करते. वाऱ्याने येणारी वाळू अडवून ती वाळूचे उंचवटे धरून ठेवते. वादळाने केलेली झीज पुढे अशा वनस्पतींमुळेच हळूहळू भरून निघते.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. काठालगतचा निदान दोन-तीन मीटरांचा पट्टा नांगरू नये.

२. पावसाळ्याच्या आरंभी काठाला समांतर ओळीत वाळ्याची ठोंबे सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर लावावीत. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात. उरलेल्या पट्ट्यात मारवेल लावावे.

३. पहिली दोन वर्षे तेथे गुरे सोडू नयेत. मारवेल कापून चारावे. देवणी जातीच्या गुरांच्या या मुलखात हा चारा वाया जाणार नाही.

४. एकाच काठाचे रक्षण पुरेसे नाही. ग्रामपंचायत अधिकारी व सहाय्यक कृषी अधिकारी यांनी दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांस एकत्र बसवून काम ठरवावे.

एका पुरात तुटलेला काठ पुन्हा बांधला जाण्यास अनेक पावसाळे लागतात. म्हणून लागवड पुढील वर्षावर ढकलू नये.